माहेरवाशिणींची माकुळं

भाई, तुम्ही गेलात आणि माझा संशय तसाच राहिला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट मनात आणू नये, असं सगळेच सांगतात. मी आणलं. तुमच्या जियारतीच्या दिवशी, तिसऱ्या दिवसाच्या दुआला, रोह्याजवळ अष्टमी गावातल्या तुमच्या घरात, बायकांच्या गर्दीत बसून भाभींचा हात हातात धरला होता, तेव्हा माझे डोळे कुठे होते सांगू? स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या फ्रीजवर. दोन माणसांना एवढा मोठा फ्रीज कशाला लागतो, हा विचार मी रडत रडत केला. रडणं खोटं नव्हतं आणि विचारही खोटा नव्हता. माझं दोन्ही एकदम चालतं, हे तुम्हाला ठाऊकच होतं.

आपली ओळखसुद्धा संशयानेच सुरू झाली. जिताडा नावाच्या माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, टाकीत कशी काढायची, याचं सरकारी प्रशिक्षण होतं आणि तिथे मी एकटीच बाई होते. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसलात आणि न विचारता माझ्या ताटात कोलंबीभात वाढलात. "खा गो बाय, घरचा हाय," म्हणालात. पांढरा सदरा, पांढरी दाढी, हातात आखातातलं जाडजूड घड्याळ. ओळख ना पाळख, आणि हा माणूस मला कशाला वाढतोय? तुम्ही स्वतः दोन घास खाईपर्यंत मी थांबले आणि मगच हात लावला. तुम्ही ते बरोबर हेरलंत. हसलात आणि आणखी वाढलंत.

माझ्या संशयाला कारण होतं, ते मी तुम्हाला पुढे कधीतरी सांगितलं होतं. माझे बाबा मिठागरावर कामाला. मीठ भरताना व्यापाऱ्याचा माणूस टोपली जमिनीवर आपटायचा, म्हणजे मीठ दबायचं आणि एका टोपलीत सव्वा टोपली मावायचं. बाबांना दिसायचं, पण ते बोलायचे नाहीत. मी बांधावर बसून ते बघत मोठी झाले. तेव्हापासून कोणी माप हातात घेतलं की मी आधी त्याचा तळ बघते. माप माझ्या हातात असलं की मला शांत झोप लागते.

तुमचं नेमकं उलट. तुम्ही उमेदीची सारी वर्षं आखातात कंपनीच्या कॅम्पवर भटारखान्यात घालवलीत. शेकडो माणसांचं जेवण आणि डोक्यावर सुपरवायझर उभा. माणशी एक पळी कालवण. दिवसभर उन्हात राबलेला आपल्याच मुलखातला पोरगा ताट पुढे करून उभा राहिला, की तुम्ही मान खाली घालायचात. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. मापाने वाढणं म्हणजे तुम्हाला उपाशी ठेवणंच वाटायचं. मला ते ऐकून वाईट वाटायचं, पण आपल्या कामाशी त्याचा काही संबंध असेल असं कधी वाटलं नाही.

प्रशिक्षणानंतर आपण भागीदार झालो. कासू गावाच्या खालच्या अंगाला खाडीलगत आमची खारजमीन होती, तुमच्याकडे आखातातली कमाई होती. माझा नवरा दिलीप नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो. त्याने एकच सांगितलं, कामं वाटून घ्या, म्हणजे उद्या भांडण नको. म्हणून आपण वाटून घेतली. खरेदी तुमची, खाऊ घालणं माझं. रोह्याच्या बाजारातून तारल्या आणि माकुळं अशी मासळी आणायची आणि आपल्या शेडमधल्या फ्रीजरमध्ये ठेवायची, इथे तुमचं काम संपलं. तिथून पुढे तुकडे करणं, वजन करणं, माकुळाच्या पोटात जीवनसत्त्वाची गोळी खुपसणं आणि टाकीत टाकणं, हे सगळं माझं. तुम्ही टाकीकडे बघायचं, पण हात घालायचा नाही. या वाटणीत काय गडबड आहे, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

टाकीतल्या मोठ्या जिताड्यांना तुम्ही पहिल्या दिवसापासून माहेरवाशिणी म्हणायला लागलात. मी म्हणायचे, भाई, यातले काही नर आहेत. जिताडं लहान असताना नर असतं आणि मोठं झालं की मादी होतं, हे प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, बरोबर हाय, अक्कल आल्यावर असंच होणार. वर्ग हसला. पण माहेरवाशिणी हा शब्द तुम्ही सोडला नाहीत. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीचं जसं करतात तसंच यांचं करायचं, असं तुमचं म्हणणं.

त्यात चुकीचं काही नव्हतं. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत आई जे खाते तेच अंड्यात उतरतं. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला तोंडही उघडता येत नाही, आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर ते पहिले दिवस काढतं. शिदोरी निकस असली की पिल्लं आधी बरी दिसतात आणि मग बघता बघता तळाला जातात. म्हणून आपण इतका जीव टाकून त्या आयांच्या खाण्यावर भांडायचो. कंपनीच्या कोरड्या गोळ्या आणून बघू, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही भटाऱ्याच्या सवयीने एक गोळी तोंडात टाकली, चावलीत आणि म्हणालात, मीठ कमी हाय. मी अर्धा दिवस तुमच्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर हसले असते.

सुरुवातीच्या हंगामांत सगळं छान जमलं. पेण-अलिबागकडचे तलाववाले आपलं बीज घेऊन गेले आणि पुन्हा मागायला आले. तुमच्यावर संशय घ्यायला मला काही सापडत नव्हतं, त्यामुळे मी थोडी बेचैनच असायचे.

गेल्या वर्षी होळीनंतर सापडलं. जिताडी माझ्या हातचं खाईनाशी झाली. एरवी घमेलं कठड्यावर ठेवल्याचा आवाज झाला की पाणी ढवळून वर यायची. आता संथपणे यायची, माकुळाशी तोंड नेऊन थांबायची आणि वळून निघून जायची. सकाळी तळाशी बघावं तर टाकलेलं तसंच पडलेलं. जिताडं खात नाही म्हणजे एकतर ते आजारी, नाहीतर माल शिळा. आजारी तर दिसत नव्हती, उलट अंगावर तकाकी होती. मग राहिला माल, आणि माल आणणारे तुम्ही.

एकदा मी बघायला लागले की मला सगळंच दिसतं. तुमची ती हिरवी नायलॉनची पिशवी दिसली. कासू स्टेशनवर उतरून बांधाबांधाने तुम्ही यायचात, तेव्हा मी जेवायला घरी गेलेली असायचे. परत यायचे तर तुम्ही निघायच्या बेतात, आणि पिशवी ओली. तुमच्या पांढऱ्या बाहीवर माकुळाच्या शाईचे काळे डाग. मला बघितलंत की पिशवीची घडी करून काखेत मारायचात आणि भलतंच काहीतरी बोलायला लागायचात, नागोठण्याला गाडी किती थांबली, गडब गावात कोणाचा भात कसा आलाय. जो माणूस एरवी सरळ माझ्याशी भांडतो, तो भाताबद्दल बोलायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय.

दिलीपला सांगितलं तर तो म्हणाला, ताजी माकुळं अष्टमीला जातात आणि शिळी आपल्या फ्रीजरमध्ये येतात, यात न कळण्यासारखं काय आहे? मी त्याला झापलं. भाईंबद्दल असं बोलू नको म्हटलं. मग भांडी घासताना मीही तेच म्हणत होते.

मी तुम्हाला विचारलं नाही. ज्या माणसाला मी दर वर्षी राखी बांधते त्याला, पिशवी उघडून दाखवा, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्याऐवजी मी पेणच्या बाजारातून स्वतः करंदी, ती बारीक कोलंबी, आणायला लागले, जिवंत, उड्या मारणारी. तुम्हाला सरळ सांगितलं की यापुढे रोज वरून हेही घालणार. मला वाटलं तुम्हाला लागेल, तुम्ही विचाराल की माझ्या मालात काय खोट आहे. तुमचा चेहरा तर खुलला. "घाल गो बाय, घाल. पोटभर घाल," म्हणालात. मनाला खातंय, म्हणून एवढा आनंद झालाय, असं मी समजले. आणि जिताड्यांनी ती करंदी खाल्ली. पुढ्यात उडी मारणारी करंदी कुठलं जिताडं सोडेल? पण मी म्हटलं, बघा, ताजं आणलं की खातात. माझी खात्री पटली.

मग ते डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे माशांचे, आपल्याला दर हंगामाआधी तपासून द्यायचे ते. बारीक नळी घालून पोटातली अंडी बघायची होती. एकीत नाही, दुसरीत नाही, तिसरीत नाही. एक माहेरवाशीण हाताळताना दगावली. तिला चिरून त्यांनी दाखवलं तर आत पिवळ्या चरबीचे थर आणि त्यात दबलेली दोऱ्यासारखी अंडाशयं. डॉक्टरांनी मला विचारलं, दिवसाला किती घालता? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "एवढ्याने एवढी चरबी होत नाही. दुसरं कोणी घालतं का?" मी म्हटलं, नाही, माप माझ्याच हातात आहे.

तेव्हा तुम्ही हवेच्या पाइपचा कॉक उघडत आणि बंद करत होतात, भाई. उघडत आणि बंद करत. आमच्याकडे पाठ होती. डॉक्टर पुढे म्हणाले की माशाचं तेल खवट झालं तरी अंड्यांवर परिणाम होतो. मी तेवढंच वाक्य उचललं. शिळ्या मालाची लाज वाटतेय, म्हणून पाठ केलीय, असं मी तुमच्या पाठीकडे बघत ठरवून टाकलं.

त्या वर्षी बीज झालं नाही. तलाववाले दुसरीकडे गेले. अलिबागकडच्या एका फार्महाऊसवाल्याचा निरोप आला की एवढी मोठी जिताडी लग्नाच्या पंगतीला हवी आहेत, सगळी एकदम उचलतो. मी म्हटलं, देऊन टाकू. टाकीच्या कठड्यावर बसून आपण भांडलो ते तेव्हा. तुम्ही म्हणालात, "माहेरवाशिणी विकतं काय गो कोणी?" मी म्हटलं, भाई, मासळी आहे ती, आणि अंडी न देणारी मासळी पंगतीतच शोभते. मी फार तोडून बोलले, मला माहीत आहे, पण आजही वाटतं की मुद्दा चुकीचा नव्हता. तुम्ही म्हणालात, एक हंगाम दे मला. मी म्हटलं, देते, पण यापुढे खरेदी मी करणार.

एवढंच बोलले, पण तुम्हाला सगळं कळलं. तुमचा चेहरा उतरला. "बरं," म्हणालात आणि फ्रीजरची किल्ली कठड्यावर ठेवलीत. संशय तोंडाने बोलण्याच्या सगळ्यात जवळ मी गेले ती त्या क्षणी. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सगळं उलगडलं असतं. तुम्ही नाही बोललात. याचा मला आजही राग येतो, आणि हा राग मी तुमच्याबरोबर मातीआड केलेला नाही.

गंमत म्हणजे त्यानंतरही पिशवी यायचीच. खरेदी माझी, किल्ली माझ्या कमरेला, आणि तरी तुमच्या बाहीवर शाई. तिथे माझा अंदाज कोसळायला हवा होता. मी काय केलं? तुम्ही दुसरी किल्ली करून घेतली असणार, असं ठरवून कुलूप बदललं.

आणि मग थंडी सरता सरता तुम्ही गेलात. कोणाला काही सांगायची सवड नव्हती, दवाखान्यात न्यायलाही नाही. तुमच्या लेकीचा, नाझचा, कुवेतहून फोन आला. ती फोनवर रडत होती आणि मी टाकीकडे बघत उभी होते. तुम्ही मागितलेला हंगाम आता सुरू होणार होता, आणि मागणारा नव्हता.

भाभी इद्दतीत बसल्या. नवऱ्यामागे बाईने घराबाहेर पडायचं नाही, ते दिवस. म्हणून मीच कासूहून गाडी पकडून अष्टमीला जात राहिले. पहिल्या वेळी माणसं होती, दुसऱ्या वेळीही होती. पुढच्या एका दुपारी आम्ही दोघीच होतो. भाभींनी चहा केला, कप माझ्या पुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वनिता, एक विचारू? खरं सांगशील ना गो?"

मी म्हटलं, विचारा.

"ती माकुळं तुज्या घरी येत होती ना?"

मी कप खाली ठेवला. भाभी बोलत राहिल्या. वर्षभर तुम्ही बाजारातून चांगली चांगली माकुळं आणायचात, निवडून, बोटं लावून बघून. भाभींना वाटायचं आज माकुळाचं सुकं होणार. आणि तुम्ही ती धुऊन हिरव्या पिशवीत भरून निघून जायचात. घरात कधी शिजली नाहीत. विचारलं तर म्हणायचात, "माहेरात कुणी मापून वाढतं काय?" मी तुम्हाला भाई म्हणते, म्हणजे माझं माहेर तुम्ही. भाभींनी त्यावरून ओळखलं की माकुळं वनिताकडे जातात. त्यांना वाईट वाटायचं ते माकुळांचं नाही, त्यांना न सांगता द्यायचात याचं. आणखीही काय काय त्यांच्या मनात आलं असेल. ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "भाभी, मी समजत होते, आमच्या फ्रीजरमधली माकुळं तुमच्याकडं येतात."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. तुमच्या घरात, तुमच्या माघारी, इद्दतीच्या दिवसांत आम्ही दोघी हसायला लागलो. भाभींनी ओढणी तोंडावर धरली. मला ठसका लागला. मग भाभींनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "मग जात होती कुठं? तिसरं घर हाय काय त्यांचं?" आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमची पाठ आली, कॉक उघडणारी आणि बंद करणारी.

पुढचं भाभींनीच सांगितलं, मला जोडावं फारसं लागलं नाही. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला नाझची बातमी आली होती, ते मला ठाऊक होतं, तुम्हीच पेढे आणले होतेत. पहिलं बाळंतपण, पण तिला इकडे येता येणार नव्हतं, जावयाची रजा, तिची नोकरी, विमानाचा प्रवास. तुम्ही मला सांगताना ते हसण्यावारी नेलंत. घरी मात्र जेवताना हात थांबायचा, असं भाभी म्हणाल्या. तिला काय खावंसं वाटतं ते तिथं कोण विचारणार, असं म्हणायचात. लहानपणापासून नाझला माकूळ आवडायचं. बाजारात चांगलं दिसलं की तुमच्याच्याने राहवायचं नाही. घेऊन यायचात, आणि मग ते कोणाला घालायचं हा प्रश्न पडायचा. टाकीत तुमच्या माहेरवाशिणी होत्याच.

माझं माप चुकीचं आहे असं तुम्हाला वाटत नव्हतं, हे भाभींनी दोनदा सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही म्हणून दोनदा सांगितलं. वनिताचं बरोबर हाय, ती शिकलेली हाय, पण माप म्हणजे माप, असं तुम्ही म्हणायचात. खाऊ घालणं माझ्या वाट्याचं काम. त्यात हात घातलेला मला कळला तर मी समजेन की भाईंचा माझ्यावर भरवसा नाही, एवढं मग माझं मीच जोडलं. म्हणून लपवून. वा, भाई. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही चोरासारखे वागलात, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तुम्हाला चोर म्हटलं नाही. दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि त्यात त्या बिचाऱ्या मुक्या जिवांच्या पोटात चरबी साठत गेली. दुपारी तुमची माकुळं, संध्याकाळी माझं वजन केलेलं, वर जिवंत करंदी. पोट भरलेली माहेरवाशीण ताटातलं सोडून उठणार नाही तर काय करणार?

परतीच्या गाडीत मी तुमच्याशी कडाकडा भांडले. मनातल्या मनात, पण समोरच्या बाईने जागा बदलली. तुम्ही काय समजलात मला? एवढी वर्षं बरोबर काम करून, मी एक वाक्य ऐकून घेऊ शकले नसते? मग मला आठवलं की नसतंच ऐकून घेतलं. आधी मी पिशवीचा तळ बघितला असता. नागोठणं गेल्यावर राग गेला आणि मी नुसती बसून राहिले. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या ताटात न विचारता वाढलेला भात आठवला. तेव्हाही तुम्हाला राहवलं नव्हतं, एवढंच होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं कमी केलं. करंदी बंद. दिवसातून एकदाच, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. तुम्हाला बघवलं नसतं. पहिले दिवस जिताडी तशीच सुस्त होती. पुढे पुढे वर बघायला लागली. मग एका संध्याकाळी घमेलं कठड्यावर टेकवलं आणि पाणी असं उसळलं की मी नखशिखांत भिजले. तशीच उभी राहून रडले, आणि जवळपास कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडले.

फार्महाऊसवाल्याचा फोन पुन्हा आला होता. दिलीपचंही म्हणणं पडलं की आता तर भागीदारही नाही, देऊन टाक आणि मोकळी हो. मी म्हटलं, हंगाम कबूल केलाय. त्याने विचारलं, कोणाला? मी घमेलं उचलून टाकीवर निघून गेले. पण आतून धास्ती होतीच. चरबी जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. मात्र अंडी धरतीलच, असं ते म्हणाले नव्हते. या खेपेला नाही धरली तर पंगत ठरलेली होती आणि नाही म्हणायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं. उन्हाळ्यात मिठागरातून खारं पाणी आणून मोठ्या हौदात साठवताना मी रोज स्वतःला विचारायचे, हे कोणासाठी भरतेस? पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं, आणि यांना अंड्यांसाठी खारंच लागतं. म्हणजे अंडी होतील असं धरूनच मी हौद भरत होते.

डॉक्टरांनी नळी घातली आणि काचेवर थेंब सोडला. खसखशीसारखे दाणे, एकसारखे. मला आधी खोटंच वाटलं. दुसरी तपासा म्हटलं. दुसरीतही होते. अंडी सुटायची सुई दिली, हौदातलं खारं पाणी टाकीत सोडलं, आणि पुढच्या एका सकाळी टाकीवर गेले तर पाण्यावर साय धरल्यासारखी अंडी तरंगत होती. मी आधी तळ बघितला, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. बिघडलेली अंडी पांढरी होऊन तळाला बसतात. थोडी होती. बाकी सगळी वर. मी भाभींना फोन केला. पिल्लं निघाली, तोंडं उघडली, खायला लागली. शिदोरी पुरली, भाई. पेणचा तो जुना तलाववाला येऊन बघून गेला आणि बीजासाठी आपलं नाव सांगून गेला. फार्महाऊसवाल्याला मी कळवलं की पंगतीला पापलेट करा.

तुम्ही मागितलेला हंगाम असा पार पडला. इथेच थांबायला हरकत नव्हती. पण परवा संध्याकाळी घमेलं घेऊन गेले आणि जिताडी आली नाहीत.

म्हणजे आली, पण त्यातली दोन संथपणे. तोंड नेलं आणि वळून गेली. मी खाली वाकले तर पायरीवर काळा डाग, माकुळाच्या शाईचा, अजून ओला. पहिला विचार तुमचाच आला, खोटं कशाला बोलू. बांधाकडे वळून बघितलंही. मग दिलीपवर संशय घेतला, मग डॉक्टरांवर. माझी यादी तयार होत होती आणि मध्येच आठवलं की भाभींची इद्दत संपली. दुपारी मी पेणला गेले होते.

मागच्या वर्षीची मी असते तर पायरी धुतली असती, बोलले नसते आणि पाळत ठेवली असती. आता मी त्या ओल्या पायरीवर बसले आणि फोन लावला.

"भाभी, आज टाकीवर आला होतात?"

भाभी म्हणाल्या, "घराबाहेर पयलं पाऊल तिथंच टाकलं गो. दोनच माकुळं घातली. त्यांच्या नावाची. राग आला तुला?"

"नाही आला. पण घालायच्या आधी मला सांगा."

"रोज सांगू?"

"रोज येणार असाल तर रोज सांगा."

काल दुपारी त्यांचा फोन आला, दोन घेऊन निघाले म्हणाल्या. संध्याकाळी मी नेहमीसारखं घमेलं काट्यावर ठेवलं, त्यातली दोन माकुळं काढून परत फ्रीजरमध्ये ठेवली आणि उरलेलं माहेरवाशिणींना घातलं. माप बरोबर भरलं, भाई.